हाकारात हातोव

हाकारात हातोव ही ज्यू धर्मविचारातील कृतज्ञतेची संकल्पना आहे. या हिब्रू शब्दसमूहाचा शब्दशः अर्थ 'चांगल्याची ओळख पटणे' असा होतो. लाभलेले चांगले दुसऱ्याकडून आले आहे हे जाणणे आणि ते ऋण मान्य करणे, असे दुहेरी कर्तव्य तीत अभिप्रेत आहे.

व्युत्पत्ती
हिब्रूतील 'होदाआ' या शब्दाचे आभार आणि कबुली असे दोन अर्थ होतात. त्यामुळे आभार मानणे म्हणजे आपण स्वयंपूर्ण नसल्याची कबुली देणे होय, असे विवरण केले जाते. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात लेआ आपल्या चौथ्या मुलाचे 'यहूदा' हे नाव याच धातूशी जोडते. 'यहुदी' ही संज्ञा त्या नावावरूनच रूढ झाली.

धर्मग्रंथांतील विवेचन
निर्गमाच्या पुस्तकात मिसर देशावरील पहिल्या तीन पीडांच्या वेळी नदीच्या पाण्यावर व जमिनीच्या धुळीवर मोशे नव्हे, तर त्याचा भाऊ अहरोन काठी उगारतो. मिद्राश या भाष्यग्रंथांत याचे कारण दिले आहे. तान्ह्या मोशेला नदीने तारले होते आणि पुढे त्याने मारलेल्या मिसरी माणसाचे प्रेत मातीने झाकले होते. पाणी व माती निर्जीव असल्याने त्यांचा अवमान होत नाही. परंतु त्यांच्यावर प्रहार केल्याने उपकृताचे मन कठोर होते, असा बोध यातून घेतला जातो. अकराव्या शतकात स्पेनमधील बाह्या इब्न पाकुदा यांनी 'हृदयाची कर्तव्ये' या ग्रंथात ईश्वरभक्तीचा पायाच कृतज्ञतेवर रचला.

उपासनेतील स्थान
सकाळी जाग येताच 'मोदे आनी' ही आभाराची प्रार्थना म्हटली जाते, तर जेवणानंतर 'बिर्कत हामाझोन' म्हणतात. सामुदायिक उपासनेत पुरोगामी व्यक्ती 'अमिदा' प्रार्थनेची पुनरावृत्ती करते, तेव्हा इतर जण ती ऐकून 'आमेन' म्हणतात. आभाराच्या भागाशी मात्र प्रत्येक जण स्वतंत्र प्रार्थना म्हणतो. विनंती प्रतिनिधीमार्फत करता येते, आभार स्वतःच मानावे लागतात, असे स्पष्टीकरण चौदाव्या शतकातील भाष्यकार दाविद अबुद्राहम यांनी दिले आहे. दुःखद वार्ता ऐकल्यावरही ईश्वराचे स्तवन करावे, असे मिश्ना सांगते. त्यामुळे ही कृतज्ञता केवळ सुखापुरती मर्यादित राहत नाही.

बेने इस्राएल समाजातील परंपरा
मूळच्या कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजात 'मलिदा' हा आभारविधी प्रचलित आहे. विवाह, नवसपूर्ती इत्यादी प्रसंगी एलियाहू हानाबी या संदेष्ट्याचे स्मरण करून गोड पोहे, खोबरे व फळे यांवर आशीर्वचने म्हटली जातात आणि नंतर ती उपस्थितांना वाटली जातात.