मातृत्वाचे वय

केनियात पंधरा ते एकोणीस वर्षे वयाच्या शंभर मुलींपैकी २०१४ साली अठरा मुली माता झालेल्या किंवा गर्भवती होत्या आणि २०२२ साली ते प्रमाण पंधरावर आले, हे वाचताना ही कहाणी दूरच्या देशाची आहे असे आपल्या वाचकास वाटणे साहजिक असले, तरी आपल्या पनवेल तालुक्यातील तळोज्याच्या उत्तरेस असलेल्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी नवव्या वर्षी विवाहित आणि चौदाव्या वर्षी माता झाल्या होत्या, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. ते मूल जेमतेम दहा दिवस जगले. पुढे फिलाडेल्फियास वैद्यकीची पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला, याला मी योगायोग मानीत नाही.

त्या काळच्या पांढरपेशा घरांत लग्न आणि संसार यांच्यामध्ये न्हाणाची मर्यादा असे. मुलीस न्हाण आले की तिला मखरात बसवीत, सुवासिनी ओटी भरीत, गोडाधोडाची जेवणे होत आणि गर्भाधानाचा मुहूर्त पाहून तिची सासरी रवानगी होई. तिच्या हाडापेरांस हे ओझे पेलेल की नाही, हा प्रश्न त्या पंक्तीत कोणी विचारीत नसे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने संमतीची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तर तेवढ्यावरून पुण्यात टिळक एका बाजूस व डॉ. भांडारकर दुसऱ्या बाजूस असा मोठा वाद माजला.

पुढचा कायदा शारदा कायदा; मुलीचे वय चौदा व मुलाचे अठरा ठरविणारा हा कायदा १ एप्रिल १९३० पासून अंमलात यावयाचा होता, आणि ही आगाऊ तारीखच त्याच्या मुळावर आली, कारण तत्पूर्वीच्या सहा महिन्यांत हिंदुस्थानभर अजाण मुलामुलींची लग्ने घाईघाईने उरकली गेली आणि १९३१ च्या खानेसुमारीत विवाहित बालकांचा आकडा उलट फुगलेला दिसला. बरे, तळोज्याच्या एखाद्या सुधारकाने फिर्याद द्यावयाची म्हटले, तर मुंबई शहराबाहेर असा खटला दाखल करून घेण्याचा अधिकार केवळ जिल्हा मॅजिस्ट्रेटास असल्यामुळे त्याने कुलाबा जिल्ह्याच्या मुख्यालयास, म्हणजे अलिबागेस जावे, फिर्याद खोटी ठरल्यास भरपाई देईन म्हणून शंभर रुपयांपर्यंतचा मुचलका लिहून द्यावा, आणि एवढे करूनही शिक्षा फार तर महिनाभराची साधी कैद वा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. लग्न कायमच राहणार! शेजारी जंजिरा संस्थानात तर ब्रिटिश मुलखाचा हा कायदा लागूच नव्हता. (सयाजीरावांच्या बडोद्याने मात्र १९०४ सालीच आपला स्वतंत्र कायदा केला होता.) शारदा कायद्यातील मुलीच्या वयाची मर्यादा १९४९ मध्ये पंधरावर व १९७८ मध्ये अठरावर गेली.

तळोज्याच्या आगरी-कोळी वस्तीत, जिथे भाताची कापणी आटोपली की लग्नसराई सुरू होई आणि धवलारीण धवले गाऊन विधी पार पाडी, तिथे मुलीचे वय वाढले ते या कलमांमुळे असे म्हणण्यास मी धजत नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, जमिनी संपादित झाल्या, मिठागरे व भातखाचरे गेली, औद्योगिक वसाहतीत मासिक पगार आला. १९८० च्या दशकात राज्यात मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत झाले. शेतावर लागणारे दोन हात म्हणून सून लवकर आणण्याचे कारणच उरले नाही, आणि शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख पुसणे कोणाच्याही हाती राहिले नाही. माझ्या मते एका दाखल्याने जे साधले, ते तीन कायद्यांना साधले नव्हते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात अठराच्या आत लग्न झालेल्या तरुणींचे प्रमाण २०१५-१६ मधील शेकडा २६.३ वरून २०१९-२१ मध्ये २१.९ वर उतरले. पंधरा ते एकोणीस वयोगटातील माता व गर्भवती यांचे प्रमाण मात्र ८.३ वरून ७.६ इतकेच घटले. पनवेल तालुक्यात या उरलेल्या मुलींचा शोध घ्यावयाचा तर आधी कातकरी वाड्यांवर जावे लागेल. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात, हजेरीपटावरून मुलीचे नाव गळते आणि दाखला निघतच नाही. त्या हंगामापुरती तिच्या वसतिगृहाची सोय तालुक्याने करावी, एवढीच माझी मागणी आहे.