भीमेचे पाणी आणि उजनीचा वारा

सोलापूर जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे येते ती काळी जमीन, मालदांडी ज्वारी, चादरींचे माग आणि आभाळाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी. अशा कोरड्या मुलखात मासेमारी आणि वादळ यांचा इतिहास कोणी सांगू लागला, तर तुम्ही म्हणाल, "वादळ असायचे ते कोकणात, दर्यावर. आमच्याकडे कसले?" पण करमाळ्याच्या किंवा माढ्याच्या बाजूला उजनीच्या काठी जरा उभे राहून बघा. पलीकडचा काठ धूसर दिसावा एवढे पाणी तिथे पसरलेले आहे. त्या पाण्यावर पोट असलेल्या माणसांना वारा म्हणजे काय, हे नव्याने शिकावे लागले. ती हकीकत तुम्हाला सांगायची आहे.

आधी नदीकडे वळू. भीमा उगम पावते भीमाशंकरच्या डोंगरात, आणि पुणे जिल्हा ओलांडून आपल्याकडे येते. पंढरपुरात तीच चंद्रभागा होते. तिच्या काठच्या कोळी आणि भोई मंडळींचा पाण्याशी संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा. कोणी होडीतून वारकरी पैलतीरी न्यावेत, कोणी पाग टाकून मासे धरावेत, कोणी डोहात गळ सोडून बसावे. मरळ, वांब, शिंगाडा हे नदीचे मासे.

या माणसांचे पाण्याविषयीचे ज्ञान मोठे होते. पण ते नदीचे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवा. नदीचा धोका वरच्या अंगाने येतो. पाऊस पडतो मावळात, आणि पूर येतो पंढरपुरात. इथे आभाळ निरभ्र असले तरी पाणी गढूळ झाले, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, की जाणत्याने जाळे गुंडाळून काठ गाठावा. दुसरा धोका खालचा: डोह, भोवरा, कपारी. वाऱ्याची मात्र फारशी धास्ती नव्हती. दोन्ही बाजूंना उंच दरडी, मधे अरुंद पात्र. वारा पुष्कळदा डोक्यावरून निघून जाई.

जिल्ह्यात मोठे तलाव नव्हते असे नाही. सोलापूर शहरातला सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या नावाशी जोडलेला आहे. हिप्परग्याजवळचा एकरुख तलाव १८७१ च्या सुमारास इंग्रजी अमदानीत बांधून झाला. पण भीमेचेच पाणी अडवून समुद्रासारखे पसरावे, हे पूर्वी कोणी पाहिले नव्हते.

ते घडले उजनीला. माढा तालुक्यात १९६९ साली धरणाचे काम सुरू झाले आणि १९८० साली पुरे झाले. जलाशयाला नाव मिळाले यशवंतसागर. भरला म्हणजे त्यात ११७ टीएमसी पाणी साठते, आणि ते सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या हद्दींत पसरते. गावे उठली, शेते बुडाली, देवळेसुद्धा पाण्याखाली गेली. पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर पाणी फार आटले म्हणजे आजही वर दिसते.

उसाला पाणी मिळाले, तसा माशांनाही मुलूख मिळाला. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्यात आले. पुढे चिलापी फार वाढली. भिगवणचा मासळीबाजार नावारूपाला आला. नदीवरचे कोळी-भोई जलाशयावर आले. कोणाकडे लाकडी होडी, कोणाकडे पत्र्याची. ज्याला तेही परवडले नाही तो ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पाण्यात शिरला. संध्याकाळी जाळे लावायचे आणि हिवाळ्याच्या कडाक्यातही पहाटे ते ओढायला जायचे, असा हा क्रम.

आणि इथेच जुने ज्ञान अपुरे पडले. शिक्षक मित्रांनी मुलांना हे जरूर समजावून सांगावे. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरते: वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला, आणि मोकळ्या पाण्यावरून किती अंतर धावत आला. अरुंद नदीत त्याला धावायला जागाच नसते. जलाशयावर कोसाकोसाची मोकळी वाट मिळते. शिवाय उथळ पाण्यातली लाट आखूड आणि उभी असते. समुद्राच्या लांब लाटेवर होडी चढते-उतरते; आखूड लाट मात्र एकामागून एक आदळते आणि होडीत पाणी भरते.

फार लांबचे एक उदाहरण देतो. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधले ईरी सरोवर हिवाळ्यात गोठते. तिथले लोक बर्फावर चालत जातात, भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून बसतात. ७ फेब्रुवारी २००९ रोजी वाऱ्याने काठाजवळचा बर्फ तोडला आणि माणसांसकट तो आत लोटला. भेगेवर त्यांनी लाकडी फळ्यांचा पूल केला होता. भेग रुंदावली आणि पूल पाण्यात पडला. शंभराहून अधिक माणसे हेलिकॉप्टरने आणि बोटींनी सोडवावी लागली. एकाचा जीव गेला. पायाखाली बर्फ असो की पाणी, मोकळ्या जागी वाऱ्याशी गाठ सारखीच.

आपल्याकडे सरोवर गोठत नाही. आपला बर्फ आभाळातून पडतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली, तिने सोलापूर जिल्ह्यातही द्राक्षे, डाळिंबे आणि उभा रब्बी झोडपला. शेतात असलेल्या माणसाला झाडाचा, गोठ्याचा आसरा तरी सापडतो. होडीतल्या माणसाने कुठे जावे?

२१ मे २०२४ ची संध्याकाळ अजून विसरलेली नसेल. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे सात जणांना घेऊन निघालेली प्रवासी बोट वाऱ्यात उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी शोध घेतला, पण हाती लागले ते मृतदेह.

वळवाचे ढग कसे वागतात हे बघा. ढगातली थंड हवा वेगाने खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चोहीकडे पसरते. म्हणून पावसाच्या आधी तो गार झोत आणि धुळीचा लोट येतो. उकाड्याने जीव कासावीस झालेला असताना हा झोत अंगाला बरा वाटतो; परंतु पाण्यावरच्या माणसाने तो इशारा समजावा. त्यानंतर हाती उरतात काही मिनिटेच. ढग काळवंडताना दिसला तेव्हाच काठाकडे वळलेला माणूस वाचतो. सपाट पाण्यावर विजेचाही धोका मोठा.

आता हवामान खात्याचे इशारे रेडिओवरून, मोबाइलवरून मिळतात. विजेची सूचना देणारे 'दामिनी' अ‍ॅप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केले आहे. पण इशारा ऐकून जाळे तसेच सोडून परतायचे, म्हणजे एका दिवसाच्या मिळकतीवर आणि कदाचित जाळ्यावरही पाणी सोडायचे. गरिबाला हे सोपे नसते, हे जाणूनच बोलले पाहिजे. म्हणून अंगातले तरंगते जाकीट ही चैन नव्हे. तो होडीचा वल्ह्याइतकाच जरुरीचा भाग मानला पाहिजे. प्रवासी नेणाऱ्याने तर त्याशिवाय होडी सोडूच नये.

आजोबांनी नातवाला पुराची खूण शिकवली, ती अजून खरी आहे. तिच्या जोडीला ढगाची खूण शिकवायची आहे. भीमाकाठच्या शाळांनी हे काम हाती घ्यावे. भूगोलाचा हा धडा शिकवायला फळ्यापेक्षा जलाशयाचा काठ बरा. एखाद्या जुन्या कोळ्यालाही तिथे बोलवा आणि मुलांबरोबर त्याचे ऐका.