पाणी स्वच्छ दिसतं म्हणून मासा स्वच्छ नसतो

वारंगा फाटा म्हटलं की लोकांना खिचडी आठवते. पण आपल्याकडे मासे खाणारी घरंही बरीच आहेत. इसापूर धरणातला कटला-रोहू, कयाधूतली मरळ. म्हणून कुणी "नदीच्या माशात पारा-शिसं असतं का हो?" असं विचारलं, तर हसण्यावारी नेऊ नका.

जपानमधल्या मिनामाता गावात आधी मांजरं वेडीवाकडी नाचत मेली. मग मासेमारी करणाऱ्या घरांतल्या लेकरांचे हातपाय लटपटू लागले. आजाराची अधिकृत नोंद झाली १ मे १९५६ ला. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठानं सांगितलं की हे पाऱ्याचं विष आहे. चिस्सो कंपनीच्या स्वतःच्या डॉक्टरनं कारखान्याचं सांडपाणी मांजराला खाऊ घातलं, मांजराला तोच आजार झाला, आणि तो निष्कर्ष दाबला गेला. पारा सोडणं थांबलं १९६८ मध्ये. म्हणजे कारण कळल्यावरही नऊ वर्षं लोक तोच मासा खात होते. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात वाईट वाटते.

जपान लांब आहे म्हणाल, तर कल्याणकडे बघा. काळू नदी उल्हासला मिळते. अंबिवली-मोहनेच्या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. कॉस्टिक सोडा बनवायच्या जुन्या पद्धतीत पारा लागायचा आणि त्यातला काही सांडपाण्यातून निसटायचा. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हास खाडीचा गाळ तपासला, तर त्यात पारा सापडला. नदीचं पाणी वाहून जातं हो, गाळ कुठं जातो?

गाळातले जीवाणू पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. ते किड्यांत, किड्यांतून लहान माशात, लहान माशातून मोठ्यात साठत जातं. म्हणून दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मरळीत ते जास्त सापडू शकतं. ते मांसातच बसतं, तळून-उकळून जात नाही. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूला त्याचा सगळ्यात मोठा धोका. शिसंही लेकरांच्या मेंदूवरच घाव घालतं, कॅडमियम मूत्रपिंड खराब करतं. ही दोन जास्त करून कल्ले, काळीज, आतडी यांत साठतात, म्हणून ते भाग फेकून देणं शहाणपणाचं. पण म्हणून मासे बंद करू नका, गरिबाच्या ताटातलं चांगलं अन्न आहे ते.

आपल्याकडे कॉस्टिक सोड्याचा कारखाना नाही, खरं आहे. पण गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्यांत शिसं असतं, मूर्तींच्या काही रंगांत असतं, आणि नाली शेवटी नदीलाच मिळते.

महाराष्ट्रानं जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्येच केला, १९७० मध्ये मंडळ आलं. तरी नदीची नेहमीची तपासणी म्हणजे मुख्यतः ऑक्सिजन, बीओडी, सामू, जंतू. त्यातून माशात काय साठलंय ते कळत नाही. त्यासाठी मासा आणि गाळच प्रयोगशाळेत न्यावा लागतो.

कयाधूतली मरळ, इसापूरचा कटला आणि दोन्हीकडचा गाळ तपासावा, असा अर्ज लिहून ठेवलाय. भोई बांधवांच्या सह्या आधी घेणार आहे, कारण उगीच अफवा पसरली तर पोट त्यांचंच जाईल. बाकी ज्यांना सही करायची त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका.