लघवी तुंबल्यापासून शॉकपर्यंत : छत्तीस तासांचा घटनाक्रम

हैदराबादच्या दिलसुखनगरचं नाव देशभर पोचलं ते २१ फेब्रुवारी २०१३ च्या संध्याकाळी. सातच्या सुमारास सायकलींवर ठेवलेले दोन बॉम्ब पाठोपाठ फुटले. बसस्टॉपवर आणि खाण्याच्या दुकानांपाशी उभ्या असलेल्या माणसांना सावध व्हायला क्षणभरही मिळाला नाही. इथे सांगायची आहे ती वेगळी आपत्ती. ती घराच्या आत घडते आणि सांगून येते. दीड-दोन दिवस खुणा दाखवत राहते. तरीही माणसं दगावतात, कारण त्या खुणा ओळखायला घरच्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

खालचा घटनाक्रम कुणा एका माणसाचा नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्यांमध्ये जो क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, तो एका घरात आणि एका शनिवार-रविवारात मांडला आहे. घर दिलसुखनगरच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. नांदेड-लातूरकडची कितीतरी मुलं इथे कोचिंग क्लाससाठी येतात, तसाच उदगीरकडचा एक जण आला, नोकरीला लागला, इथलाच झाला. वय चौतीस. चार वर्षांपूर्वी मोटरसायकलचा अपघात झाला. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘डी-फोर’चा पेशंट, म्हणजे छातीच्या वरच्या भागातला मणका. छातीखाली संवेदना नाही, हालचाल नाही. वर्षातून चार-पाच वेळा लघवीचं इन्फेक्शन ठरलेलं.

शनिवार, सकाळी ९ : ३६ तास आधी

नात्यातलं लग्न आहे. शेजारची दोन पोरं त्याला व्हीलचेअरसकट खाली उतरवून देतात. सकाळी सहाला त्याने नळी घालून लघवी काढली आहे. निघताना बायको पाणी पुढे करते. तो दोन घोट घेतो आणि ग्लास परत देतो. हॉलमधलं बाथरूम कसं असेल, या एकाच प्रश्नामुळे तो आज पाणी पिणार नाही.

निरोगी माणसाची लघवीची पिशवी भरत आली की मेंदूला कळतं. याचा निरोप मणक्यापाशीच तुटतो. पिशवी कधी अवेळी आवळते, कधी तोंडच उघडत नाही, आणि लघवी आत साचून राहते. म्हणून दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी नळी घालून ती पूर्ण रिकामी करायची. एका वेळी ५०० मिलिलिटरच्या वर साचू द्यायची नाही. दवाखान्यात याला ‘सीआयसी’ म्हणतात.

या साध्या कृतीने किती आयुष्यं वाचली, हे इतिहास सांगतो. पहिल्या महायुद्धात मणक्याला इजा झालेले बहुतेक सैनिक लघवीच्या इन्फेक्शनने आणि बेडसोअरने गेले. १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मॅंडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी ‘यांचं काही होत नाही’ हे मानायलाच नकार दिला. लघवी, कातडी आणि व्यायाम या तिन्हींकडे ते रोज जातीने लक्ष घालू लागले. १९४८ मध्ये त्याच रुग्णालयाच्या आवारात त्यांनी स्पर्धा भरवल्या, आणि त्यांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले होते. त्याच १९७२ साली अमेरिकेत युरॉलॉजिस्ट जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिलं की घरच्या घरी, निर्जंतुक हातमोजांशिवाय, नुसत्या स्वच्छ हातांनी नळी घातली तरी चालते. पिशवी वेळेवर रिकामी होणं महत्त्वाचं.

दुपारी १ : ३२ तास आधी

सात तास झाले. हॉलच्या बाथरूमला एक पायरी आहे आणि दार खुर्चीपेक्षा चार बोटं अरुंद. लॅपिडिस यांचं म्हणणं असं की पिशवी ताणली गेली की तिच्या अस्तराचा रक्तपुरवठा मंदावतो आणि जंतूंना आत शिरायला वाव मिळतो. वधूपक्षाची एखादी खोली पाच मिनिटं मोकळी करून मागितली असती, तर मिळाली असती. चारचौघांत ते कसं मागायचं म्हणून तो गप्प बसतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करायला मुदत घालून दिली होती. ती केव्हाच उलटली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष नुसते शिफारसवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं बजावलं. त्या निकालाला आधार होता हैदराबादच्याच नालसार विधी विद्यापीठाच्या अहवालाचा. पण आज दुपारी या हॉलच्या दारापर्यंत त्यातलं काहीही पोचलेलं नाही.

संध्याकाळी ५ : २८ तास आधी

घरी आल्या आल्या नळी. मापाच्या भांड्यात ८५० मिलिलिटर, गडद पिवळी. आणि एक चूक घाईत होते. धुतलेली नळी वाळलेली नाही. सकाळी वापरून, धुऊन, ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नळी आत जाते. आपल्याकडे बहुतेक घरांत तीच नळी धुऊन पुन्हा वापरतात, कारण रोज चार-पाच नव्या नळ्यांचा खर्च परवडत नाही. अशा वेळी साबणाने धुणं, आतून पाणी सोडणं, पूर्ण वाळवणं आणि कोरड्या स्वच्छ डब्यात ठेवणं, यांतली एकही पायरी गाळून चालत नाही.

रात्री १० : २३ तास आधी

लघवी गढूळ, वास उग्र. बायको म्हणते, “अहो, परत सुरू झालं वाटतं.” कपाटात मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या उरल्या आहेत. तो त्यातली एक घेतो.

हे वळण सगळ्यात महागात पडणारं आहे. नळी वापरणाऱ्या माणसाच्या लघवीत जंतू जवळपास कायमच असतात. त्रास नसेल तर नुसत्या गढूळपणासाठी, वासासाठी किंवा रिपोर्टमधल्या ‘पस सेल’साठी अँटिबायोटिक देऊ नये, यावर आता तज्ज्ञांचं एकमत आहे. ती दिली की साधे जंतू मरतात आणि दणकट उरतात. चार वर्षांत पंधरा-वीस कोर्स झालेल्या माणसाच्या शरीरात उरतात ते असे, ज्यांच्यावर तोंडाने घ्यायची गोळी चालतच नाही. शिवाय गोळी आधी घेतली की उद्याच्या कल्चरमध्ये जंतू नीट वाढत नाही आणि डॉक्टरांना अंधारात तीर मारावा लागतो. अँटिबायोटिकांतली बरीच औषधं २०१४ पासून ‘शेड्यूल एच-वन’मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवायची, असा नियम आहे. पण घरात उरलेल्या गोळ्यांवर कुठलाच नियम चालत नाही.

आज रात्री करायचं होतं ते वेगळंच. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर भरपूर पाणी. दर चार तासांनी नळी, तीही नवी. आणि दर सहा तासांनी थर्मामीटर.

रविवार, पहाटे ३ : १८ तास आधी

पाय आपोआप झटके देऊ लागतात. चादर ओली, म्हणजे मधेच लघवी गळते आहे. जळजळ होत नाही, ओटीपोट दुखत नाही, कारण दुखणं कळायची वाटच बंद आहे. म्हणून अशा माणसात वाढलेले झटके, नव्याने सुरू झालेली गळती, विनाकारण गळून गेल्यासारखं वाटणं, यांनाच ‘दुखतंय’ असं वाचायचं असतं.

मग तो उठवतो. डोकं फुटतंय. कपाळावर घामाचे थेंब, गाल लाल, पाय मात्र गार. घरच्या मशीनवर बीपी १७०/१००. एरवी याचं बीपी १००/६० असतं. हा ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. छातीतल्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वरच्या इजेत छातीखाली काही बिनसलं, पिशवी तट्ट फुगली, नळी पिळली गेली, संडास अडकली, तर शरीर रक्तवाहिन्या आवळून घेतं. वेळीच कारण दूर केलं नाही तर फिट येऊ शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

बायकोने हे एका फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलं आहे. ती त्याला सरळ बसवते, पाय पलंगाखाली सोडते, बेल्ट आणि मोजे काढते. झायलोकेन जेली लावते, दोन मिनिटं थांबते, मगच नळी सरकवते. ६०० मिलिलिटर. दहा मिनिटांत बीपी १३०, अर्ध्या तासात ११०. तिने नवऱ्याला आत्ता मोठ्या धोक्यातून काढलं. पण पिशवी कशामुळे चिडली आहे, ते कारण आतच आहे.

सकाळी ८ : १३ तास आधी

ताप १०१. दातावर दात आपटतात. “लई थंडी वाजूलालीय,” तो म्हणतो. दोन पांघरुणं, एक पॅरासिटामॉल.

दवाखान्यात जायची वेळ होती ती हीच. मज्जारज्जूची इजा, नळी आणि हुडहुडी भरून ताप, हे तीन एकत्र आले की ते घरी सांभाळायचं दुखणं राहत नाही. जंतू पिशवीतून वर मूत्रपिंडापर्यंत गेल्याची ती खूण असते. आत्ता गेले असते तर लघवीचं आणि रक्ताचं कल्चर, सोनोग्राफी, सलाइनमधून अँटिबायोटिक एवढ्यावर भागलं असतं. पण आज रविवार. नेहमीच्या डॉक्टरांची ओपीडी बंद. दोन जिने उतरवायला माणसं हवीत. “उद्या सकाळीच जाऊ,” असं ठरतं.

दुपारी १ : ८ तास आधी

ताप १०३, दोन उलट्या. नळी घातली तर जेमतेम ८० मिलिलिटर. काल पाणी प्यायलं नव्हतं, आज पोटात ठरत नाही. मूत्रपिंडाला रक्त कमी पडू लागलं आहे. फोनवर गावाकडून सासू सांगते, “मागच्या वेळीबी असंच झालतं, उतरंल ताप.” वारंवार होणाऱ्या इन्फेक्शनचा हाच मोठा धोका. प्रत्येक वेळी निभावलं म्हणून याही वेळी निभावेल, असं घर धरून चालतं.

संध्याकाळी ५ : ४ तास आधी

ताप ९८ वर आला. घरात हायसं वाटतं. चहा होतो.

तो चहाकडे बघतही नाही. श्वास भराभर चालला आहे, मिनिटाला २६. नाडी १२४. बोटं गार, ओठ कोरडे. ‘गाडी कुठं लावली?’ असं विचारतो. गाडी चार वर्षांपूर्वीच भंगारात गेली. बीपी ८८/५०, पण याचं बीपी कमीच असतं म्हणून तो आकडा कुणाला खटकत नाही. उतरलेला ताप हे बरं होणं नव्हतं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला, रक्तवाहिन्या सैल पडल्या, कातडी गार झाली. वेगाने चाललेला श्वास, बरळणं आणि पडतं बीपी, या तीन गोष्टी ताप असो-नसो सेप्सिसकडे बोट दाखवतात.

संध्याकाळी ७ : २ तास आधी

हाक मारली तर डोळे उघडतो, बोलत नाही. बायको रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करते. ही सेवा २००५ साली याच शहरातून सुरू झाली. गाडी येते, पण स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडतं. चादरीची झोळी करून चौघे त्याला खाली आणतात. रस्त्यावर रविवारच्या खरेदीची गर्दी.

रात्री ९ : शून्य

बीपी ७०/४०. सेप्टिक शॉक. सलाइन जोरात सोडतात, बीपी टिकत नाही म्हणून नॉरअ‍ॅड्रिनलिन सुरू होतं. कल्चर घेऊन लगेच अँटिबायोटिक. सोनोग्राफीत मूत्रपिंडातून उतरलेला एक खडा मूत्रवाहिनीत अडकलेला दिसतो. तो तसाच राहिला तर औषध कितीही भारी असलं तरी उपयोग नाही, मार्ग मोकळा करावाच लागतो. सेप्टिक शॉकच्या रुग्णांवरचा २००६ चा एक मोठा अभ्यास सांगतो, की बीपी पडल्यानंतर योग्य अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिराने वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटते. या घराने असे चार तास घालवले आहेत. तेही कुणाच्या निष्काळजीपणाने नव्हे, न शिकवल्यामुळे.

काटे मागे फिरवायचे तर

अशा माणसाला दरवेळी नवी गोळी देऊन प्रश्न सुटत नाही. इन्फेक्शन पुन्हा पुन्हा का होतं, ते शोधायला हवं. लघवीची वेळ आणि माप आठवडाभर वहीत लिहा आणि ती वही युरॉलॉजिस्टना दाखवा. वर्षातून एकदा सोनोग्राफी करा. खडा, मागे उरणारी लघवी आणि मूत्रपिंडाची सूज त्यात दिसते. पिशवीतला दाब मोजायची युरोडायनॅमिक तपासणी करून घ्या. वाढलेला दाब मूत्रपिंड हळूहळू खातो आणि त्यावर औषधं आहेत. बद्धकोष्ठ सोडवा. क्रॅनबेरीच्या गोळ्यांवर पैसे घालण्याआधी ते नव्या नळ्यांवर घाला. त्रास नसताना अँटिबायोटिक मागू नका, आणि त्रास असेल तर कल्चर दिल्याशिवाय घेऊ नका.

खुर्चीच्या मागच्या खिशात एक कार्ड ठेवा. त्यावर इजेची पातळी, नेहमीचं बीपी, शेवटच्या कल्चरचा रिपोर्ट, चालणारी आणि न चालणारी औषधं, आणि ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचा धोका’ एवढं ठळक लिहा. रात्रीच्या ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला त्याने पंधरा मिनिटं वाचवता येतात. हॉलवाल्यांनो, एक बाथरूम बिनपायरीचं आणि रुंद दाराचं करा. लग्नाला येणारा माणूस पाणी पिऊन येऊ शकला पाहिजे.

आणि घरच्यांनी एवढं पाठ करावं : मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला, तर दुसरं कारण सापडेपर्यंत ते लघवीचंच इन्फेक्शन समजायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रविवार असला तरी.