चितपट झालेल्याचा चित्रपट

भारतातला पहिला चित्रपट कोणता, असे विचारले की बहुतेक जण १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे नाव घेतात. कथापटापुरते ते उत्तर बरोबर आहे. पण त्याआधी चौदा वर्षे, नोव्हेंबर १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती लावली आणि विलायतेहून मागवलेल्या कॅमेऱ्याने ती टिपली. फीत धुण्यासाठी इंग्लंडला पाठवावी लागली होती. भारतीय माणसाने भारतात घेतलेल्या अगदी पहिल्या चित्रफितींपैकी ही एक. म्हणजे आपला सिनेमा देवादिकांच्याही आधी लाल मातीत उतरला होता.

त्या फितीबद्दलची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इतिहासाने दोन्ही मल्लांची नावे जपली आहेत: पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी. जिंकणारा आणि पडणारा अशी विभागणी तिथे नाही. एक जोड, एवढेच.

दोनच वर्षांनी, १९०१ मध्ये, याच सावेदादांनी आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या सुपुत्राला पडद्यावर आणले. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतले, तेव्हाचे मुंबईतले त्यांचे स्वागत त्यांनी चित्रित केले. १८९९ सालचा तो मान परांजप्यांना जॉर्ज बर्टविसल यांच्यासह विभागून मिळाला होता. कुस्तीच्या भाषेत ती बरोबरीत सुटली होती. पण बर्टविसल हे नाव आज आपल्याकडे कोणाला ठाऊक आहे? विजेत्याचा सत्कार सुरू झाला की जोड मोडते आणि कॅमेऱ्यासमोर एकच माणूस उरतो. लढतीच्या चित्रपटांचा पुढचा सारा इतिहास मला या दोन फितींमधल्या अंतरात दिसतो.

हा प्रश्न माझ्या मनात पेरला तो माझ्या मोठ्या काकांनी. गिरणीत नोकरी आणि संध्याकाळी तालीम, असा त्यांचा तरुणपणीचा मुंबईतला क्रम. निवृत्तीनंतर ते रत्नागिरीला आमच्याकडे राहिले. टीव्हीवर दारासिंगचा सिनेमा लागला की अगदी जवळ सरकून बसत. शेवटी दारासिंगने कोणाला तरी डोक्यावर उचलून आपटले, की आम्ही मुले टाळ्या पिटायचो आणि काका विचारायचे, “पडला तो कुठला रे? वस्ताद कोण त्याचा?” आम्हाला हसू यायचे. पडद्यावरच्या पडलेल्याला गाव नसायचे, वस्ताद नसायचा, अनेकदा नावही नसायचे. काकांच्या फडात मात्र दोघांची नावे, गावे आणि तालमी पुकारल्याशिवाय हात मिळत नसत.

सुरुवातीला परदेशातही चित्र वेगळे नव्हते. १८९७ साली अमेरिकेत कॉर्बेट आणि फिट्झसिमन्स यांची मुष्टियुद्धाची लढत चित्रित झाली. दीड तासाहून मोठी ती फीत तिथल्या पहिल्या लांब चित्रपटांपैकी एक मानली जाते. तिच्या नावात कॉर्बेटचे नाव आधी आहे, आणि हरला तो कॉर्बेटच. पुढे लढतीभोवती गोष्ट आली आणि संकेत ठरत गेले. गरीब वस्तीतला पोरगा, एकेकाळचा पण आता विस्मरणात गेलेला प्रशिक्षक, पहाटेचे धावणे, लढत मुद्दाम हरण्यासाठी पुढे केलेले पैसे, पतन, आणि शेवटी धिप्पाड, जवळजवळ मुका प्रतिस्पर्धी. ‘बॉडी अँड सोल’ (१९४७) आणि ‘द सेट-अप’ (१९४९) यांत पैसे घेऊन हरण्याचा पेच आहे. ‘रॉकी’ने (१९७६) नायकाला शेवटची लढत हरू दिली, हे त्याचे मोठेपण. पण तीनच वर्षांत पुढचा भाग काढून त्याला जिंकवावे लागले. त्यात हरलेल्या अपोलो क्रीडच्या घरात सिनेमा खऱ्या अर्थाने शिरला तो ‘क्रीड’मध्ये, थेट २०१५ साली, तोही त्याच्या मुलाच्या निमित्ताने.

हिंदी सिनेमाने हे संकेत उचलले आणि त्यांत बाप घातला. ‘अपने’मध्ये (२००७) रिंगणात मुलगे उतरतात, पण पुसायचा असतो तो बापावरचा कलंक. मुंबईतच घडणाऱ्या ‘तूफान’मध्ये (२०२१) डोंगरीचा अजीज अली आणि त्याचे प्रशिक्षक नाना प्रभू यांच्यातली लढत रिंगणातल्या कोणत्याही लढतीपेक्षा मोठी आहे, कारण नाना त्याचे सासरेही होतात आणि त्यांच्या मनातली धर्माची भिंत कोणत्याही ठोशाने पडत नाही. खरा सामना घरात रंगत असल्यामुळे समोरच्या खेळाडूला गोष्ट द्यायची गरजच उरत नाही.

‘दंगल’ (२०१६) हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाटने अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला हरवले, तेही एकतर्फी. चित्रपटाला एकतर्फी विजय परवडत नाही. म्हणून लढत अटीतटीची झाली, बापाला खोलीत कोंडले गेले, आणि प्रतिस्पर्धी मुलीचे नावही बदलले. चित्रपट मला आवडला. पण काका असते तर त्यांचा प्रश्न ठरलेला होता.

या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या कोकणाने फार पूर्वी शोधले आहे. दशावतारात वेद पळवणारा संकासूर शेवटी विष्णूच्या हातून मरणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तरीही रात्र गाजवतो तो संकासूरच. बोलीत बोलतो, टोप्या उडवतो, लोकांना हसवतो. आमच्या रत्नागिरीकडच्या शिमग्यात तर तो काळ्या वेशात, कमरेला घुंगरू बांधून दारोदार येतो. पोरे त्याला भितात आणि त्याच्याच मागे धावतात. निकाल आधीच माहीत असल्यामुळे आमचा प्रेक्षक निकालासाठी जागत नाही, हरणाऱ्यासाठी जागतो. विष्णूचे काम करणाऱ्या नटाचे नाव सकाळी कोणी काढत नाही.

आता खाशाबा जाधवांकडे येऊ. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या प्रवासाच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल खाशाबांनी हरवले. शेवटच्या तिघांत मात्र ते जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव या दोघांकडूनही हरले. त्या दोन कुस्त्यांच्या मध्ये पुरेशी विश्रांतीही त्यांना मिळाली नाही. गावात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे पोलीस खात्यात नोकरी झाली. १९८४ साली अपघाती मृत्यू आला आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

चित्रपटाच्या ठरलेल्या साच्यात हे आयुष्य बसत नाही. इथे एकच एक निर्णायक सामना नाही, आणि शेवटच्या दोन्ही कुस्त्या नायक हरतो. नागराज मंजुळे यांनी खाशाबांवर चित्रपट करायला घेतल्याचे वाचले, तेव्हा पहिला विचार हाच आला: या दोन पराभवांचे ते काय करतील? पडदा मिरवणुकीवर पडला तर टाळ्या मिळतील. पण त्या फडात इशी आणि मामेदबेयोव यांनाही गाव असावे, वस्ताद असावा, असे मला वाटते. तुल्यबळ जोड समोर उभी राहिल्याशिवाय कांस्यपदकाचे वजन कळायचे कसे?

काकांनी शेवटच्या आजारपणात स्वतःच्या कुस्त्यांबद्दल थोडेफार सांगितले. जिंकलेल्या कुस्त्या त्यांना धड आठवत नव्हत्या. ज्याने त्यांना पाडले, त्या मल्लाचे नाव, गाव आणि त्याने मारलेला डाव मात्र त्यांनी न अडखळता सांगितला. डाव ढाक होता. सांगताना त्यांचा उजवा हात पांघरुणाबाहेर आला आणि समोर नसलेल्या मानेभोवती क्षणभर वळला.