दार कोणतं, ते कोण ठरवतं? : नाणेघाट, कल्याण आणि जकातीची चौकी

आज भंडारदऱ्यात बसून समुद्राबद्दल बोलायचंय, याचं नवल वाटू देऊ नका. इथून घाटघरच्या कड्यावर जा. खाली कोकण दिसतं. रेल्वे येण्याआधी घाटावरचं धान्य खाली जायचं, मीठ-मासळी वर यायची, आणि ती येणार ठरावीक घाटानेच. डोंगरच तसा आहे. आणि वाट ठरावीक असली, की तिथे चौकी बसते.

यातला सर्वांना ठाऊक असलेला घाट म्हणजे इथून दक्षिणेचा नाणेघाट. माथ्यावरचा तो दगडी रांजण तुम्ही पाहिला असेल. जकातीची नाणी यात टाकत, असं सगळेच सांगतात. विद्यार्थी असताना मीही त्यात हात घालून पाहिला होता! पण पुरावा काय? शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. त्यात यज्ञ आहेत, गाई आहेत, कार्षापणांचे आकडे आहेत, पण ते सगळे दक्षिणेचे. म्हणजे लेख बोलतो दिल्याबद्दल, आपण ऐकतो घेतल्याबद्दल. घाटात कर घेत असतील, हे अगदी संभवनीय आहे. पण संभवनीय आणि सिद्ध यांत फरक करायचा असतो. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, तेव्हा एवढी खोड माफ करा.

भक्कम पुरावा हवा तर खाली कल्याणला उतरा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रप्रवासाची माहितीवही लिहिली. तो सांगतो, थोरल्या सारगनसच्या काळात कल्याण ही कायदेशीर बाजारपेठ झाली. पुढे संदनेसच्या हाती ती गेल्यावर व्यापार अडवला गेला, आणि चुकून तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. बघा, खाडी तीच, धक्का तोच. फक्त मान्यता गेली. बंदर निसर्ग देतो, पण ‘प्रवेशाचं बंदर’ सत्ता देते. पैठण आणि तेरचा माल तेव्हा गाड्यांवर घालून थेट भडोचला जात होता, हेही तोच सांगतो. जवळचं दार सोडून लांबचं! त्याचं भाडं कुणाच्या खिशातून जात असेल, विचार करा.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्कशाळा नगराच्या वेशीजवळ असते, वर ध्वज. चार-पाच अधिकारी व्यापाऱ्याला विचारतात : तुम्ही कोण, कुठून आलात, माल किती, मुद्रा कुठे उमटवली? लग्नाचं, यज्ञाचं सामान मात्र मोकळं. विमानतळावर मुलाकडून परत येताना तुम्हाला काय विचारलं होतं, आठवा जरा.

शिवाजी महाराजांनी 1671 मध्ये कुडाळच्या सरसुभेदारांना लिहिलं, की बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवा, नाहीतर संगमेश्वरचं मीठ पडून राहील. म्हणजे चौकी ही नुसती वसुलीची जागा नव्हे. कुणाच्या मिठागरात मीठ पडून राहणार, हे तिथे ठरतं.

आता आजचं. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याचं सातवं कलम वाचा. सरकारने अधिसूचनेत ज्यांची नावं जाहीर केली, ‘केवळ’ तीच बंदरं, तेच विमानतळ. सगळा जीव त्या ‘केवळ’मध्ये आहे. त्याच कलमात आतल्या भागातले कंटेनर डेपोही येतात, त्यामुळे नागपूरसारख्या समुद्रापासून लांबच्या गावीही तपासणी होऊन माल सीलबंद न्हावाशेव्याला जाऊ शकतो. म्हणून ‘माझा माल कुठून आणू?’ असं कुणी विचारलं, की नकाशा नंतर पाहा, अधिसूचना आधी. शिवाय वस्तूगणिक दारं वेगळी. परदेशातून रोप आणायचं असेल, तर ते 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशात नेमून दिलेल्या ठिकाणांहूनच येणार. बंदर मोठं आहे, म्हणून चालेल, असं नाही.

मघाशी एकांनी विचारलं, घाटघरच्या वाटेवरही चौकी होती का? उद्या सकाळी आपण तिकडे जाणारच आहोत. कोरीव खूण दिसली तर मला दाखवा. नुसता खड्डा दिसला, तर रांजण म्हणू नका!