वेलांटी आधी की नंतर?

एखादे तंत्र प्रमाण ठरते ते त्याच्या गुणवत्तेमुळे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. संगणकावरील देवनागरीचा इतिहास या समजाला फारसा दुजोरा देत नाही.

१९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' ही संकेतप्रणाली प्रमाण म्हणून स्वीकारली. तिची बैठक वैयाकरणाची होती. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांना वर्णमालेच्या क्रमाचा एकच तक्ता. आणि 'कि' साठवताना आधी क, मग वेलांटी, म्हणजे उच्चाराचाच क्रम. मांडणी शास्त्रशुद्ध, वर शासनाची मोहोर. तरीही मराठी मुद्रणव्यवसायाने तिला फारसे जवळ केले नाही. पुस्तकांची पाने ज्या पेजमेकरमध्ये लागत, त्याला रोमन लिपीची रीतच तेवढी ठाऊक होती. तेव्हा फाँट विकणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा क, काना, रफार, वेलांटी. प्रत्येकाची मांडणी निराळी. ही दृष्टी खिळे जुळवणाऱ्याची. डोळ्यांना वेलांटी आधी दिसते, म्हणून ती साठवायचीही आधी. छापील पान सुरेख निघे; संगणकाच्या स्मृतीत मात्र मराठीचे एक अक्षरही नसे. फाँट हाताशी नसला की कवितेच्या जागी रोमन चिन्हांचा निरर्थक ढीग उरे. अर्थात, छापून झाले की फाइलीचे काम संपले, असाच तो काळ होता.

हा पेच युनिकोडने सोडवला असे आपण म्हणतो. पण युनिकोडचा देवनागरी तक्ता मुळात १९८८च्या इस्कीवरून घेतलेला. मुद्रकांनी जे तत्त्व दूर ठेवले होते, तेच विंडोज २००० बरोबर, 'मंगल' फाँटासह, आयते टेबलावर येऊन बसले. आमच्या मते निकाल लागला तो इथे.

अशा सर्वसाधारण तक्त्यात मराठीच्या लकबींची पंचाईत झाली. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हा भेद आपल्याला शाळेपासून ठाऊक. युनिकोडमधला ऱ मात्र द्राविडी भाषांच्या लिप्यंतरासाठी नोंदलेला, त्याच्या अर्ध्या रूपावर आपले भागते. 'ॲ'ला स्वतंत्र घर मिळाले ते २००८ मध्ये. तोवर 'अ'वर चंद्र चढवून वेळ निभावली जाई, आणि म्हणून एकच शब्द आज दोन प्रकारे साठवलेला सापडतो. 'मंगल'चे ल आणि श हिंदी वळणाचे. ६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयाने पाकळीचा ल व देठाचा श प्रमाण ठरवले खरे. पण संकेत एकच असल्याने ते वळण दिसणे फाँटाच्या मर्जीवर राहिले.

जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना प्रत्येक वेलांटी उचलून व्यंजनामागे न्यावी लागते, रफार उलट पुढे आणावा लागतो. परिवर्तक हे करतात, पण जोडाक्षरांत अडखळतात. त्या वर्षांतल्या एखाद्या कादंबरीची शब्दसूची करायला बसलेल्या विद्यार्थ्याला आधी सगळे मुद्रितशोधन पुन्हा करावे लागते.